छातीत दुखत नाही, म्हणजे हार्ट ठीक?

यावेळचे बहुतेक प्रश्न साठी ओलांडलेल्या बायकांचे आहेत आणि जवळजवळ प्रत्येकीने कुठेतरी लिहिलंयच, "वय झालं म्हणून असेल". ते वाक्य जरा बाजूला ठेवूया.

प्रश्न: वय ६८. महिनाभर खूप दमायला होतंय, एक मजला चढला की थांबावं लागतं. रात्री दोनला जाग येते ती येतेच. छातीत दुखत नाही. मुलगा म्हणतो वयामुळे आहे.

ताई, वय काही एका महिन्यात वाढत नाही. दोन महिन्यांपूर्वी तोच जिना न थांबता चढत होतात का? असाल तर हा बदल आहे, आणि बदलाला कारण असतं.

आता छातीचं. बायकांना अटॅकमध्ये छातीत दुखतच नाही असं हल्ली सगळीकडे फिरतं, तेही अर्धवटच. बहुतेकींना छातीत काहीतरी होतंच, फक्त त्या त्याला दुखणं म्हणत नाहीत, जड वाटतं म्हणतात, दाटल्यासारखं, आवळल्यासारखं, जळजळल्यासारखं. म्हणून मी पेशंटला "दुखतं का" विचारतच नाही, "काही वाटतं का" विचारते. त्याच्या जोडीला जबडा, मान, पाठ, खांदा दुखणं, मळमळ, दम हे बायकांमध्ये जास्त दिसतं, दरदरून घामही फुटू शकतो.

२००३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात अटॅक येऊन गेलेल्या ५१५ बायकांना विचारलं होतं की अटॅकच्या महिनाभर आधीपासून काय वेगळं वाटत होतं. साधारण ७० टक्के जणींनी नेहमीसारखा नसलेला थकवा सांगितला, जवळपास निम्म्या जणींनी झोप बिघडल्याचं आणि ४२ टक्के जणींनी दम लागल्याचं. आता हे वाचून घाबरू नका, हे अटॅक आलेल्यांना मागाहून विचारलेलं आहे, झोप न येणाऱ्या प्रत्येकीला अटॅक येणार असा त्याचा अर्थ होत नाही. हिमोग्लोबिन कमी असलं किंवा थायरॉईड बिघडला तरी हेच होतं. पण कुठलं ते तपासल्याशिवाय कळणार कसं? या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा, ईसीजी आणि रक्त तपासणी होईल, गरज वाटली तर इको (हार्टची सोनोग्राफी), स्ट्रेस टेस्ट (चालायला लावून काढलेला ईसीजी). आणि झोपून काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणून विषय संपला असं समजू नका, दम तर तुम्हाला जिन्यावर लागतोय.

प्रश्न: वय ७२, गुडघे दुखतात. घड्याळ रोज दहा हजार पावलं मागतं, माझी जेमतेम चार हजार होतात. उपयोग आहे का?

आहे हो! हा दहा हजारचा आकडा आला कुठून माहितीये? १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक मशीन विकायला आलं, त्याच्या नावाचा अर्थच "दहा हजार पावलांचं मीटर". म्हणजे जाहिरात! २०१९ मध्ये जवळपास १७ हजार बायकांवरचा अभ्यास आला, सरासरी वय तुमच्याएवढंच, ७२. दिवसाला २७०० च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा ४४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्के कमी होतं, आणि ७५०० च्या पुढे आणखी फायदा फारसा दिसला नाही. (तब्येत बरी असते तीच जास्त चालते हेही त्यात थोडं असणारच, तरी पण.)

त्यामुळे चार हजार होतायत ते चालू ठेवा, जमेल तशी हजारभर वाढवा, एकदम नको. चालताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा स्पीड पुरे. गुडघे फारच बोलायला लागले त्या दिवशी एका जागेवरची सायकल नाहीतर खुर्चीतून हात न टेकता उठा-बस. ताकद आणि तोल यांचा व्यायाम या वयात चालण्याइतकाच गरजेचा आहे, आणि तोच सगळ्याजणी टाळतात.

प्रश्न: आई ६५ ची आहे, जोरात घोरते. सकाळी डोकं दुखतं, बीपी गोळ्यांनी नीट कंट्रोल होत नाही. ती झोपेची गोळी मागतेय.

गोळी आत्ता नको. हा स्लीप ॲप्निया असू शकतो, म्हणजे झोपेत श्वास मधेमधे अडतो, ऑक्सिजन घसरतो, प्रत्येक वेळी शरीर दचकून जागं होतं आणि बीपी चढतं. पाळी गेल्यावर बायकांमध्ये याचं प्रमाण वाढतं, पण लोकांच्या डोक्यात ॲप्निया म्हणजे जाडजूड पुरुष, त्यामुळे बायकांची तपासणीच होत नाही. झोपेच्या काही गोळ्यांनी श्वास आणखी अडू शकतो, शिवाय रात्री उठताना पडायची भीती. आधी स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतला श्वास आणि ऑक्सिजन मोजायची तपासणी, करून घ्या, बऱ्याचदा घरीसुद्धा होते.

प्रश्न: आडवं झालं की दम लागतो, तीन उशा लागतात. संध्याकाळी पाय सुजतात.

याला थांबू नका, एक-दोन दिवसांत दाखवा. हार्ट नीट पंप करत नसेल किंवा कडक झालं असेल तर आडवं झाल्यावर पायातलं पाणी परत फिरतं आणि फुप्फुसावर ताण येतो. रोज सकाळी वजन करा, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते जेवणाचं नाही, पाण्याचं. बसल्या जागी दम लागायला लागला तर मात्र सरळ इमर्जन्सीत.

प्रश्न: पंधरा दिवसांपूर्वी पहाटे जबडा दुखून घाम फुटला. घरच्यांची झोप नको मोडायला म्हणून अर्धा तास बसून राहिले, मग थांबलं. आता बरी आहे.

हे वाचून मला खरंच राग आला, तुमचा नाही, आपल्या सगळ्यांच्या या सवयीचा. पुन्हा असं झालं तर लगेच सगळ्यांना उठवा, ॲम्ब्युलन्स बोलवा, स्वतः गाडी चालवत जाऊ नका. रक्तवाहिनी बंद असेल तर जितका उशीर तितके हार्टचे स्नायू मरतात. निघाली ॲसिडिटी तर निघाली, कोणी हसत नाही.

आणि आत्ता बरं वाटत असलं तरी आजच दाखवून या. तिथे गेल्यावर "ॲसिडिटी असेल बहुतेक" असं तुम्हीच सांगू नका, किती वाजता, कुठे, किती वेळ, एवढंच सांगा. ॲसिडिटी आहे का नाही ते ठरवायचं काम आमचं.