जुन्या फियाटच्या सुट्या भागांवरचा कारखान्यातला मूळ रंग कसा ओळखावा?

आपल्या आजोबांची १९६० च्या दशकातली फियाट ११०० फोंड्याला उभी आहे, गॅरेजवाले सुटे केलेले सगळे भाग सँडब्लास्ट करून काळ्या चकचकीत पावडर कोटिंगला (रंगाची पूड चिकटवून भट्टीत वितळवण्याच्या कामाला) पाठवू म्हणतात, आणि त्या भागांवर मुळात कोणता रंग होता हे आपणांस जाणून घ्यायचे आहे. मी म्हापशात जुन्या गाड्यांचे काम करतो. माझी पहिली विनंती अशी की, तूर्तास एकही भाग ब्लास्टिंगला जाऊ देऊ नका. मूळ रंगाचा सर्वांत भरवशाचा पुरावा त्या भागावरच असतो आणि वाळूचा मारा तो काही मिनिटांत पुसून टाकतो.

त्या काळातले कारखाने गाडीच्या सगळ्या भागांना एकसारखा रंग देत नसत. बाहेरच्या पत्र्याला चकाकी हवी असे, पण बॅटरीचा ट्रे, ब्रॅकेट, पंख्याभोवतीचा पत्रा अशा भागांना केवळ गंजापासून संरक्षण पुरेसे असल्यामुळे ते बहुधा आकड्याला टांगून काळ्या रंगाच्या टाकीत बुडवत आणि भट्टीत भाजत. त्याच्या खुणा आजही दिसतात: एखाद्या भोकाच्या कडेला आकड्यामुळे रंग न लागलेली जागा, खालच्या कडेला निथळून जाड झालेली धार, आणि आतल्या खाचाखोचांतही बाहेरच्याइतकाच रंग. स्प्रे गनने मारलेला रंग आतल्या बाजूला विरळ होत जातो. पुष्कळ पेंटर ती निथळलेली धार दोष समजून घासून काढतात याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण तो भाग कारखान्यातून तसाच बाहेर पडला हे सांगणारी खूण तीच असते.

मूळ रंग शोधायचा तो झाकलेल्या जागी: क्लॅम्पच्या पट्टीखाली, रबराच्या वॉशरमागे, नावाच्या पट्टीच्या पाठीमागे, चाकाच्या हबकॅपखाली, आणि सर्वांत चांगला डिकीतल्या स्टेपनीवर, कारण तिला ऊन फारसे लागलेले नसते. अशा एखाद्या जागी रुपयाच्या नाण्याएवढ्या भागावर १००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यासह गोल फिरवला की रंगाचे थर एकात एक वर्तुळांसारखे उघडे पडतात. सर्वांत आतला, पत्र्याला किंवा पातळ प्रायमरला थेट चिकटलेला थर बहुधा कारखान्याचा. ज्या थराखाली पुट्टी सापडेल तो गॅरेजमध्ये चढलेला, हे जवळजवळ निश्चित समजावे. हे काम कोरडे घासून करू नये, कारण जुन्या रंगांत शिसे असण्याची शक्यता मोठी असते आणि त्याची धूळ श्वासातून आत जाते.

थर सापडला की त्याची जात पाहावी. कापसाच्या बोळ्यावर एनसी थिनर घेऊन थोडा वेळ टेकवावा. रंग विरघळून बोळ्याला लागला तर तो बहुधा नायट्रोसेल्युलोज, म्हणजे आपल्याकडे ज्याला ड्युको म्हणतात तो. सुरकुत्या पडून फुगला तर हवेवर वाळणारा सिंथेटिक एनॅमल, जो बहुधा नंतर कोणीतरी लावलेला असतो. काहीच झाले नाही तर भट्टीत भाजलेला एनॅमल, किंवा अलीकडचा टू-के (हार्डनर मिसळून लावायचा) रंग वा पावडर कोटिंग. कारखान्यातला बुडवलेला थर आणि नंतरचे पावडर कोटिंग यांतला फरक जाडीवरून बराचसा कळतो. पोलादी भागावर जाडी मोजणारे लहान यंत्र टेकवल्यास एकाच थराचा बुडवलेला रंग साधारण २० ते ४० मायक्रॉन भरतो, तर पावडर कोटिंग ६० ते १०० मायक्रॉन किंवा त्याहूनही जाड असते.

पावडर कोटिंगला माझा विरोध आहे तो मुख्यतः याच जाडीमुळे. पत्र्यावर उठवलेली अक्षरे आणि अंक बुजतात, अर्थिंगच्या जागा झाकल्या जातात, आणि चाकाच्या नट बसण्याच्या उतारावर जाड थर आला तर तो नंतर दबून नट सैल पडतात, ज्यात जिवाचा धोका आहे. आपल्या किनाऱ्यावर आणखी एक अडचण आहे: दगड लागून त्याला एखादी चीर पडली की खारी ओल आत शिरते आणि वरून निर्दोष दिसणाऱ्या थराखाली गंज पसरत राहतो.

नट-बोल्टांचा विचार वेगळा करावा. काहींवर फॉस्फेटचा करडा-काळा थर असतो, जो सच्छिद्र असल्यामुळे तेल किंवा मेणाशिवाय गोव्याच्या हवेत टिकत नाही. काहींवर जस्त किंवा कॅडमियमचा मुलामा असतो. कॅडमियम विषारी असल्याने असे बोल्ट घासू नयेत आणि तापवूही नयेत. बदलायचे झाल्यास पिवळसर पॅसिव्हेशन (गंजरोधक रासायनिक प्रक्रिया) केलेला जस्ताचा मुलामा दिसायला पुष्कळ जवळ जातो. कार्बोरेटर आणि पेट्रोल पंपाच्या धातूला रंग लावू नये, स्वच्छता पुरे.

ज्या भागांवर निम्म्याहून अधिक मूळ रंग शाबूत आहे ते मी रंगवत नाही. गंजलेल्या जागा सायट्रिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने साफ करून, धुऊन, लगेच वाळवून वर मेणाचा पातळ हात देतो. जे भाग रंगवणे भागच आहे त्यांच्यासाठी झाकलेल्या जागेवरचा रंग आधी हलक्या हाताने पॉलिश करून मगच मिक्सिंगच्या दुकानात न्यावा, नाहीतर तिथले रंग जुळवणारे यंत्र उडालेल्या रंगाचीच नोंद घेते. काळ्या रंगात खरी परीक्षा चकाकीची असते. मॅटिंगचे (चकाकी कमी करणाऱ्या द्रव्याचे) प्रमाण बदलत दोन-तीन पत्र्याच्या तुकड्यांवर नमुने काढा आणि मूळ भागाशेजारी दिवसाच्या उजेडात धरून पाहा. टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असते, तेव्हा तो मारणाऱ्याला बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मास्क हवाच.

चतुर्थीपूर्वी गाडी तयार व्हावी म्हणून भर पावसात ड्युको मारण्याचा आग्रह मात्र धरू नका. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ ओल्या रंगात उतरते आणि पांढरट झाक येते. शिवाय उघडा केलेला पत्रा त्या दिवसांत एका रात्रीत तांबूस होतो. सुटे करणे, फोटो काढणे, नमुने तपासणे ही कामे जून ते सप्टेंबरमध्ये करावीत आणि रंग नोव्हेंबरनंतर. प्रत्येक भागाच्या आतल्या बाजूला मूळ रंगाचा एक लहान तुकडा टेप लावून तसाच राखायला पेंटरला आधीच सांगून ठेवा, म्हणजे पुढे कोणाला पडताळून पाहायचे झाले तर सोय राहील.