सेंटर घडवायचाय? आधी गार्डची कामं शिकव

भावा, बझरबीटर ह्या ऑनलाइन बास्केटबॉल मॅनेजर गेममध्ये नव्या माणसाची चूक ठरलेली: १८ वर्षांचा सात फुटी पोरगा मिळाला की लगेच रिबाउंड आणि इनसाइड शॉटला जुंपायचा. उंच पोराला ते पुढंही पटापट येतंय. हँडलिंग, पासिंग, बाहेरचा डिफेन्स मात्र उंचीमुळं सावकाश चढतात, वय वाढलं की आणखी रखडतात. म्हणून ते आधी उरक. त्यासाठी सेंटरला (रिंगजवळ खेळणाऱ्या उंच गड्याला) गार्डच्या (बाहेरून बॉल खेळवणाऱ्याच्या) जागी खेळवायला लागतंय, चार मॅचेस जातील. जाऊ देत की! गंगावेस तालमीत तरी पोरगं पहिल्याच वर्षी गदा आणतंय का?

एवढं सांभाळ:
- पोराची त्या जागी आठवड्याला ४८ मिनिटं भरलीच पाहिजेत, नाहीतर ट्रेनिंग अर्धवट.
- पोटेन्शियल (पोरगा किती वर जाऊ शकतो त्याची मर्यादा) कमी असलेला पोरगा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नको.

पगाराचं गणित नंतर बघू.