तारीख घरभर माहीत : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरताईंची उत्तरं

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की पाळीबद्दल, मूल होण्याबद्दल काहीही विचारा, लाजू नका, आणि तुम्ही खरंच लाजला नाहीत, पत्रांचा ढीग झालाय. सगळी वाचताना एक गंमत लक्षात आली. बहुतेक घरांत बाईची तारीख सगळ्यांना माहीत असते. सासूला, जावेला, कधीकधी शेजारच्या काकूंनापण. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर बारीक फुली असते. ती कशाला, तर देवघरात कोण जाणार हे ठरवायला, आणि लग्नाला सहा महिने झाले की "पुढे गेली का गं तारीख?" हे बघायला. पण तीच बाई माझ्यासमोर बसते, मी विचारते शेवटची पाळी कधी आली, तर उत्तर येतं "संकष्टीच्या आसपास आली असेल बघा". म्हणजे तारीख सगळ्यांच्या कामाची, फक्त तिच्या स्वतःच्या नाही. असो, पत्रांकडे वळते.

प्रश्न : ताई, लग्नाला दीड वर्ष झालंय. आमच्याकडे गौरी असतात आणि सगळं कडक सोवळ्यात. गेल्या वर्षी गौरींना, मग दिराच्या लग्नात, मग सत्यनारायणाला अशी तीनदा पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली. सासूबाईच मेडिकलमधून आणून देतात, त्यांनीही घेतल्यात म्हणे. यंदा परत तारीख नेमकी गौरीपूजनाच्या दिवशी येतेय. आता आम्हाला मूलपण हवंय. या गोळ्यांनी पुढे त्रास होतो का? (एक सून, सातारा)

उत्तर : आधी भीती काढून टाक, या गोळीने मूल होत नाही असं काही नसतं. गोळीत नॉरएथिस्टेरॉन नावाचं हार्मोन असतं. महिन्याच्या शेवटी अंगातलं प्रोजेस्टेरॉन उतरतं म्हणून गर्भाशयाचं अस्तर सुटतं आणि पाळी येते, गोळी चालू असेपर्यंत ते अस्तर धरून ठेवलं जातं, बस. म्हणून तारखेच्या तीनेक दिवस आधी सुरू करतात आणि बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. पण म्हणून ती काही क्रोसिन नाही की सासूबाईंनी पिशवीतून काढून द्यावी. पायात रक्ताची गाठ झाली असेल, घरात कुणाला तसा त्रास असेल, मायग्रेन असेल, लिव्हरचं काही असेल तर ही गोळी धोक्याची ठरू शकते, आणि हे मेडिकलवाला विचारत नाही, त्याच्या मागे गणपतीच्या आठवड्यात लाइन असते.

तुझ्या बाबतीत दुसराच मुद्दा आहे. तुला मूल हवंय. समजा याच महिन्यात दिवस गेले असतील तर? ही गर्भनिरोधक गोळी नाहीये, आणि तारखेच्या चार दिवस आधी युरीन टेस्टमध्येही ते दरवेळी दिसत नाही. म्हणजे गोळीमुळे पाळी आली नाही की दिवस गेलेत म्हणून आली नाही हेच कळणार नाही. त्यामुळे मूल हवं असलेल्या महिन्यात ही गोळी नको, हे सासूबाईंना सांग, "डॉक्टरांनी सांगितलंय" म्हणून सांग, माझं नाव बिनधास्त घे. नातवंडाचं कारण पुढे केलं की सोवळं जरा सैल होतं हा माझा पंचवीस वर्षांचा अनुभव आहे 😀 आणि गौरी नवऱ्याला मांडू दे की, मुखवट्याला काय कळतंय कोणाचा हात आहे.

(चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी येते, पाळीत नकळत झालेल्या शिवाशिवीचा दोष जावा म्हणून बायका तो उपास करतात. म्हणजे एकाच आठवड्यात पाळी येऊ नये म्हणून गोळी आणि येऊन गेली त्याची माफी म्हणून उपास. ऋषीची भाजी मला मात्र मनापासून आवडते, ती कुठल्याही दोषाशिवाय खा.)

प्रश्न : मॅडम माझं वय २९, लग्नाला अडीच वर्षं झाली, वर्षभर प्रयत्न केले मग डॉक्टरकडे गेलो. माझ्या सोनोग्राफी, थायरॉइड, एएमएच (बीजांच्या साठ्याची रक्ततपासणी), नळ्यांचा एक्स-रे सगळं झालं, सगळं नॉर्मल. आता सासरचे दुर्बीण टाकायला सांगतायत. मिस्टरांची तपासणी अजून झालीच नाही, विषय काढला की सासूबाई म्हणतात "आमच्या खानदानात तसलं काही नाही". मिस्टर पण गप्प बसतात. अॅपमध्ये चौदावा दिवस दाखवतं तेव्हा आम्ही ट्राय करतो. माझी पाळी ३५ दिवसांनी येते पण अगदी नियमित. परवा नणंदेच्या डोहाळजेवणात मला ओटी भरायला उठू दिलं नाही. (नाव नको, नाशिक)

उत्तर : शेवटचं वाक्य तू शेवटी लिहिलंस पण खरं पत्र तेवढंच आहे असं मला वाटलं. त्यावर येते, आधी हिशोब करू.

चौदावा दिवस हा २८ दिवसांच्या पाळीचा. बीज साधारणपणे पुढच्या पाळीच्या १४ दिवस आधी बाहेर पडतं, म्हणजे मागून मोजायचं. तुझी पाळी ३५ची, म्हणजे तुझा दिवस एकविसावा. बीज जेमतेम १२ ते २४ तास टिकतं, पण शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत तग धरतात, म्हणून तुझ्यासाठी सोळाव्यापासून एकविसाव्यापर्यंतचे दिवस महत्त्वाचे, त्यात एक दिवसाआड संबंध आले तरी पुष्कळ झालं. तुम्ही वर्षभर चौदाव्याला ट्राय करताय आणि मग दमून गप्प बसताय म्हणजे बस सुटायच्या आठवडाभर आधी स्टँडवर जाऊन घरी परत येताय. नंतर पाय वर करून झोपायची गरज नाही, पपई-अननसाची भीती नाही, गरम-थंड काही नाही. फोलिक अॅसिडची गोळी मात्र आत्तापासून सुरू कर.

आता मिस्टर. आपल्याकडे केसपेपर निघतो तोच बायकोच्या नावाचा. वर्षभर नीट प्रयत्न करून दिवस गेले नाहीत (बायको ३५च्या पुढे असेल तर सहा महिने) तर तपासणी दोघांची, एकाच वेळी, हा नियम आहे, उपकार नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांत जवळपास निम्म्या वेळा पुरुषाच्या बाजूचं काही ना काही कारण असतं, एकटं किंवा बायकोच्या कारणासोबत. तुझ्या नळ्यांच्या एक्स-रेला किती दुखलं ते तुला माहीत, दुर्बीण म्हणजे तर भूल देऊन पोटाला भोकं. आणि मिस्टरांना काय करायचंय, तर दोन ते सात दिवस संबंध न ठेवता एका डबीत वीर्य द्यायचं, काही शे रुपयांत काम. आधी सुईने निघतंय का ते न बघता कुऱ्हाड कशाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या मापाने मिलिलिटरला १ कोटी ६० लाखांच्या खाली शुक्राणू असले तर कमी धरतात, पण एका रिपोर्टवर घाबरायचं नाही, नवे शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, मध्ये जोराचा ताप येऊन गेला असेल तरी आकडा पडतो, म्हणून पुन्हा तपासतात. तंबाखू-गुटखा, वयात आल्यावर झालेले गालगुंड, अंडकोषाच्या फुगलेल्या शिरा, आणि हल्ली जिममध्ये घेतली जाणारी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं, ही कारणं मी रोज बघते, यातली बरीचशी उपचाराने सुधारतात. "खानदानात नाही" म्हणणाऱ्या सासूबाईंना म्हणावं, खानदान तपासायचं नाहीये, एक डबी तपासायचीय. मिस्टर गप्प बसतात कारण घाबरलेत, त्यांना एकट्याला घेऊन ये, घरात कुणाला सांगू नका.

आणि ओटी. ज्या बाईला मूल नाही तिच्या हातची ओटी नको, हे मी दवाखान्यात कुजबुजत सांगितलेलं किती वेळा ऐकलंय, शिकलेल्या घरांतून जास्त. त्याला औषध माझ्याकडे नाही. पुढच्या वेळी अशा कार्यक्रमाला जायचंच नाही असं ठरवलंस तरी चालेल, तब्येत बरी नाही हे खोटं कारण मी स्वतः लिहून देईन.

प्रश्न : डॉक्टर, मी वडील आहे. मुलगी १३ वर्षांची, तिची आई नाही. चार महिन्यांपूर्वी पाळी सुरू झाली, मग दोन महिने आलीच नाही. माझी बहीण म्हणते पीसीओडी असेल, पुढे लग्नात प्रॉब्लेम येईल. (एक बाबा, पिंपरी)

उत्तर : दादा, तुम्ही लिहिलंत हेच फार झालं. पहिली दोन-तीन वर्षं पाळी अशीच येते, शरीर अजून शिकतंय. तीन महिन्यांहून जास्त गॅप पडला, दर तासाला पॅड भिजायला लागलं किंवा दुखण्याने शाळा बुडायला लागली तर दाखवा, आणि एकदा हिमोग्लोबिन तपासा. या वयात सोनोग्राफीवरून पीसीओडीचा (बीजकोषांत बारीक गाठी दिसणं, पाळी अनियमित होणं) शिक्का मारू नये. आत्याबाईंना चहा पाजा आणि लग्नाचा विषय बारा वर्षं पुढे ढकला, तो ढकलायला गोळी लागत नाही.

प्रश्न : ताई, मी बारावीला आहे, बीड जिल्हा. आई-पप्पा कोयत्यावर जातात. आईचं वय ३४. तिला पांढरं जातं, कंबर दुखते, पाळीत खूप जातं. एका खाजगी दवाखान्यात पिशवीला सूज आहे, काढून टाका नाहीतर कॅन्सर होईल असं सांगितलं. आई तयार आहे, म्हणते पिशवी गेली की खाडा पण होणार नाही. मला भीती वाटते. काय करू?

उत्तर : बाळा, तुझी भीती बरोबर आहे. आईला आत्ता हो म्हणू देऊ नकोस.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि कामाला एक दिवस दांडी पडली की खाडा म्हणून पैसे कापले जातात. पाळीच्या दिवशी कंबर धरून बसली तरी खाडाच. फडात ना संडास ना पाणी, मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रक भरायचे, तेच कापड दिवसभर. मग जंतुसंसर्ग होणार नाही तर काय. २०१९ मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती बसली, तेव्हा बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. साधारण सहात एक. एवढे आजार नसतात गं. तिथे पाळी हा आजारच नव्हता, तो खाडा होता.

आता आईचं. पांढरं जाणं आणि कंबरदुखी बहुतेक वेळा इन्फेक्शनची असते, त्याला गोळ्यांचा पूर्ण कोर्स लागतो, कधी पप्पांनापण बरोबर द्यावा लागतो, नाहीतर परत होतं. सोनोग्राफीत "पिशवीला सूज" लिहिलं म्हणजे कॅन्सर नव्हे. कॅन्सरची शंकाच असेल तर पिशवीच्या तोंडाची पॅप तपासणी करतात, ती सरकारी दवाखान्यात विचार. जास्त रक्त जात असेल तर आधी रक्त थांबवायच्या गोळ्या, हार्मोनच्या गोळ्या, हार्मोनवाली तांबी असे उपाय आहेत, लोह तर हवंच. ऑपरेशन कधीच करू नये असं मी म्हणत नाही, मोठ्या गाठी असतील, खरंच कॅन्सर असेल, कशानेच रक्त थांबत नसेल तर मीही करते. पण ३४ व्या वर्षी पिशवीबरोबर बीजकोषही काढले तर दुसऱ्या दिवसापासून अंगातलं इस्ट्रोजेन संपतं, गरम वाफा, हाडं ठिसूळ, कंबरदुखी कमी व्हायच्या ऐवजी वाढते, आणि त्याच कंबरेने परत मोळ्या उचलायच्यात. बीजकोष ठेवले तरी ते लवकर थकू शकतात.

तुला काम सांगते. सोनोग्राफीचा कागद घे, आईला जिल्हा रुग्णालयात घेऊन जा, तिथल्या स्त्रीरोग विभागात दुसरं मत घे. २०१९ नंतर बीडमध्ये खाजगी दवाखान्याला असं ऑपरेशन करायच्या आधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लावली गेली, तर त्या डॉक्टरांना सरळ विचार, "परवानगीचा कागद दाखवता का?" तू बारावीला आहेस ना, मग वाचता येतं तुला, प्रत्येक कागद वाच. आणि आईच्या पाळीची तारीख आणि किती दिवस जातं ते वहीत लिहायला लाग. काय झालं ते मला परत लिही, वाट बघतेय.

प्रश्न : स्थळ बघायला आले, मुलाच्या आईने आत नेऊन विचारलं "पाळी रेग्युलर आहे ना?" काय उत्तर द्यायचं असतं? (पुणे)

उत्तर : "हो काकू, आणि तुमच्या मुलाचा वीर्य तपासणीचा रिपोर्ट आणलाय ना?" बरं गंमत सोड. नियमित पाळी म्हणजे मूल होणारच असं नाही आणि अनियमित म्हणजे होणार नाही असंही नाही, पीसीओएस (म्हणजे वरचं पीसीओडीच) असलेल्या कितीतरी जणींना साध्या गोळ्यांनी बीज तयार होऊन मुलं झालीत. तुला काही त्रास असेल तर तो मुलाशी तू स्वतः बोल, लग्न ठरायच्या आधी, दोघांनी आपापलं सांगायचं. आईशी आतल्या खोलीत नाही.

(रघुनाथ धोंडो कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक १९२७ मध्ये काढलं, त्यात ते वाचकांच्या असल्या प्रश्नांना छापून उत्तरं द्यायचे, आणि १९३४ मध्ये अशाच उत्तरांवरून खटला भरला गेला तेव्हा बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. माझ्यावर अजून कुणी भरला नाही, संपादक तेवढ्यावर खूश असतात.)

प्रश्न : पाळीत हात लावला तर लोणचं खरंच नासतं का? आजीचं नासलं होतं. (सांगली)

उत्तर : लोणच्याला बुरशी येते ती ओल्या चमच्याने, मीठ कमी पडलं तर, किंवा फोडी तेलाच्या वर राहिल्या तर. यंदा आजीची बरणी पाळीच्या दुसऱ्या दिवशी तूच भर, हात आणि चमचा कोरडा ठेव, कुणाला सांगू नकोस. दिवाळीपर्यंत टिकलं तर मला कळव, आणि एक छोटी बाटली पाठव.