डेलावेरमध्ये मतदार नोंदणी करताना पक्ष लिहावा का?

तुम्ही विचारलंय की नुकतीच सिटिझनशिप मिळालीय, अमेरिकेतल्या डेलावेर राज्यातून हाउसवर, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात, एकच प्रतिनिधी जातो, तर नोंदणीत पक्षाचा रकाना रिकामा ठेवला तर चालेल का. चालेल, पण ठेवू नका. मी ठेवला होता आणि त्याची चुटपुट अजून गेलेली नाही.

2010 साली मे महिन्यात माझी शपथ झाली. जूनमध्ये फॉर्म भरायला बसले आणि पक्षापाशी अडले. धाकटे दीर न्यू जर्सीत असतात, त्यांना फोन केला. "वहिनी, कशाला शिक्का मारून घेताय? मत तर कुणालाही देता येतं." ह्यांनीही मान डोलावली. मी 'पक्ष नाही'वर खूण केली.

त्या वर्षी बायडन यांच्या रिकाम्या झालेल्या सिनेटच्या, म्हणजे वरच्या सभागृहाच्या, जागेसाठी माइक कॅसल उभे होते. आधी गव्हर्नर, मग 1993 पासून आमचे हाउसमधले एकमेव प्रतिनिधी. 1992 मध्ये तर त्यांनी आणि टॉम कार्पर यांनी चक्क खुर्च्यांची अदलाबदल केली होती: कार्पर हाउसमधून गव्हर्नर झाले आणि कॅसल गव्हर्नरचे हाउसमध्ये गेले. लहान राज्यात राजकारण असं घरातल्यासारखं चालतं. कॅसल रिपब्लिकन, पण मधल्या वाटेचे. मला पहिलं मत त्यांनाच द्यायचं होतं.

14 सप्टेंबरला प्रायमरी होती, म्हणजे नोव्हेंबरच्या निवडणुकीसाठी पक्षाचा उमेदवार ठरवणारी आधीची निवडणूक. ऑफिस सुटल्यावर थेट शाळेच्या जिममध्ये गेले. टेबलामागच्या आजींनी माझं आडनाव दोनदा विचारलं, यादीवरून बोट खाली नेलं, परत वर आणलं. मग शेजारच्या बाईंना दाखवलं. शेवटी म्हणाल्या, "हनी, तू कुठल्याच पक्षात नाहीस." आमच्याकडे प्रायमरी फक्त त्या-त्या पक्षाच्या नोंदणीकृत मतदारांची. पर्समध्ये आयडी तसाच धरून मी पार्किंगमध्ये आले.

कॅसल हरले. त्यांच्याच पक्षाच्या क्रिस्टीन ओ'डॉनेल सुमारे साडेतीन हजार मतांनी जिंकल्या आणि नोव्हेंबरात डेमोक्रॅट क्रिस कून्स यांच्याकडून सहज हरल्या. मी नोव्हेंबरात मत दिलं, पण ज्यांच्यासाठी द्यायचं होतं त्यांचं नावच तिथे नव्हतं.

भाऊजी अजून म्हणतात, तुमच्या एका मतानं काय झालं असतं? माझं म्हणणं, सल्ला चुकला तो चुकलाच. न्यू जर्सीत पक्ष न लिहिलेल्याला प्रायमरीच्या दिवशी केंद्रावरच पक्ष सांगून मत देता येतं. तिथला नियम त्यांनी इथे लावला. आणि एक मत कसलं, 'शिक्का नको' म्हणून बाहेर राहिलेली आमच्या ओळखीतलीच कितीतरी घरं होती.

आता तर हे जास्तच लागू आहे. हाउसची आमची जागा 2011 पासून डेमोक्रॅटांकडेच आहे: कार्नी, मग लिसा ब्लंट रॉचेस्टर, 2025 पासून सारा मॅकब्राइड. दहा लाखांहून जास्त लोकांमागे एकच माणूस, आणि तो बहुतेकदा सप्टेंबरात, प्रायमरीतच ठरतो.

कोणता पक्ष, ते तुमचं तुम्ही ठरवा. पक्ष लिहिला म्हणजे नोव्हेंबरात त्यालाच मत द्यावं लागतं असं नाही. मात्र पक्ष बदलायचा झाला तर प्रायमरीच्या कितीतरी आधी मुदत संपते, तेव्हा ह्या वर्षीची तारीख काउंटीच्या निवडणूक ऑफिसात विचारा, नातेवाइकांना नको.