देवाने क्षमा केली, मग भावापुढे का वाकावे?

प्रश्न : धाकटा भाऊ कामासाठी काही वर्षे अमरावतीला असताना आमच्या दोघांच्या वावरांमधला धुरा (बांध) मी कपाशीच्या दोन तासांइतका (ओळींइतका) त्याच्या बाजूला सरकवला. पुढे मन खाऊ लागले, तेव्हा उपवास करून मी देवाजवळ पाप कबूल केले आणि क्षमा मिळाल्याची खात्रीही झाली. आता भाऊ गावी परतला आहे. त्याला यातले काही ठाऊक नाही. आपले पाप केवळ देवाविरुद्ध घडले, असे दावीद राजा बायबलमधील स्तोत्र 51 मध्ये म्हणतो. मग माणसापुढे मान खाली घालण्याची गरज काय? मी मंडळीत (चर्चमध्ये) वडील, म्हणजे कारभार पाहणारा पदाधिकारी आहे. गावात हसू होईल.
– एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : आपण देवाजवळ पाप कबूल केले, याविषयी मला शंका नाही. पाप कबूल केल्यास देव क्षमा करतो, हे योहानाच्या पहिल्या पत्रातील वचन (1:9) आपल्यालाही लागू आहे, आणि भावाची भरपाई करून आपण देवाची क्षमा विकत घ्यावी, असेही मी सुचवणार नाही. जक्कय या जकातदाराने लुबाडलेले चौपट परत करण्याचे कबूल केले, म्हणून येशू त्याच्या घरी उतरला असे लूक सांगत नाही. येशू आधी त्याच्या घरी उतरला आणि मग जक्कयाचा हात सैल झाला.

परंतु दाविदाचा आधार आपण घेतला आहे तेवढा सोयीचा नाही. ज्याच्या पत्नीशी दाविदाने व्यभिचार केला, तो उरीया दाविदाच्याच आज्ञेने मारला गेला होता, त्याच्याकडे जाऊन क्षमा मागण्याची वाटच उरलेली नव्हती. आपला भाऊ मात्र त्याच गावात राहतो. शिवाय या स्तोत्राच्या मथळ्यात ते मुख्य गवयासाठी असल्याचे म्हटले आहे, म्हणजे राजाचा पापांगीकार उपासनेत सर्वांच्या तोंडी जावा, अशीच ती योजना होती. राजाला हसू होण्याचे भय आपल्यापेक्षा कमी नसावे.

मोशेच्या नियमशास्त्राने तर आपलाच प्रश्न जणू आधी ऐकला होता. शेजाऱ्याच्या मेरेची खूण सरकवणाऱ्यावर अनुवादाच्या 27 व्या अध्यायात शाप उच्चारला आहे. लेवीयच्या 6 व्या अध्यायात शेजाऱ्याला लुबाडणाऱ्याने मूळ वस्तू आणि तिच्यावर पाचवा हिस्सा अधिक धन्याला द्यावा, तोही दोषार्पण करण्याच्या दिवशीच, असे सांगितले आहे. येशूने डोंगरावरील प्रवचनात हाच क्रम आणखी कडक केला : भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे वेदीपाशी आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा. आपल्या भावाच्या मनात आज काही नाही, याचे कारण आपण त्याला अंधारात ठेवले आहे, एवढेच.

खरी अडचण मला आपल्या शेवटच्या वाक्यात दिसते. देवापुढे गुडघे टेकणे आपल्याला जड गेले नाही, कारण ते बंद दाराआड झाले. चारचौघांत तोच गुन्हा कबूल करायचा म्हटल्यावर मंडळीतील पद आडवे आले. लूकच्या 18 व्या अध्यायातील परूशीही (नियम काटेकोर पाळणारा यहुदी) मंदिरात देवाचे आभारच मानत होता आणि त्याने सांगितलेले उपवास व दशमांश खोटे असल्याचे येशू म्हणत नाही. तरी नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार, ज्याला स्वतःविषयी सांगण्यासारखे पापाखेरीज काहीही नव्हते.

तेव्हा भावाच्या घरी एकटेच जावे. शेत सामाईक असताना कोणी किती राबले, आईच्या औषधांचा खर्च कोणी केला, हे जुने हिशेब त्या दिवशी काढू नयेत. भावाभावांत कबुलीचे भांडण होते ते बहुधा तेथेच. त्या तासांतून आलेल्या कापसाची किंमत पाचव्या हिश्शासह सोबत न्यावी. हद्दीविषयी संशय राहू नये म्हणून भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करावा आणि तिचे शुल्क आपण भरावे. तो कदाचित चिडेल, कदाचित बोलणेही टाकेल. आपल्याकडून होईल तितके शांतीने राहावे, एवढेच पौल रोमकरांस सांगतो, समोरच्याच्या उत्तराची हमी तो देत नाही. भावाने क्षमा केली नाही, तरी पेरणीच्या आत धुरा मूळ जागी गेला पाहिजे. मंडळीतील वडीलपद ठेवावे की सोडावे, हे त्यानंतर आपल्या पाळकांशी बोलून ठरवावे.