रात्री साडेअकराचं रिक्षाभाडं

ठाणे आणि नवी मुंबईतल्या बायकांसाठी आम्ही काही जणी मिळून एक छोटा मदतनिधी चालवतो. त्याच्या वहीचं काम वीसेक वर्षं माझ्याकडे आहे. घरातल्या मारहाणीविरुद्ध पैसा कसा उभा करावा आणि आवाज कसा उठवावा, याबद्दल आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देते.

आमच्या महिला मंडळाला या कामासाठी निधी जमवायचा आहे. विष्णुदास भावे नाट्यगृहात नाटकाचा प्रयोग घ्यायचं चाललंय. खरंच काही उरतं का? (वाशी)

उरतं, पण तिकिटांतून नाही. प्रयोगाची रक्कम, नाट्यगृहाचं भाडं आणि छपाई वजा केली की तिकीटविक्री जेमतेम खर्चाला पुरते. बाल्कनीच्या मागच्या रांगा शेवटी कार्यकर्त्यांच्या जावा-नणंदांच्याच गळ्यात पडतात. पैसा मिळतो तो स्मरणिकेच्या जाहिरातींतून. सराफ, क्लासवाले, पॅथॉलॉजी लॅब, बिल्डर यांच्याकडे तीन महिने आधी खेटे घाला आणि चेक प्रयोगाआधी हातात घ्या. पडदा पडल्यावर फोन उचलला जात नाही.

पण मला विचाराल तर एका नाटकापेक्षा शंभर माणसांची दरमहाची वर्गणी बरी. पंडिता रमाबाईंनी शारदा सदन 1889 साली मुंबईत काढलं, पण त्याआधी 1887 मध्ये बॉस्टनला त्यांच्या कामासाठी मंडळ उभं राहिलं होतं आणि दहा वर्षं दरवर्षी पैसे देण्याचा शब्द लोकांकडून घेतला होता. आधी शब्द, मग घर. आमच्याकडे एक निवृत्त बस कंडक्टर दर महिन्याच्या 7 तारखेला 100 रुपये पाठवतात. त्या शंभरावर मला पुढच्या जानेवारीचा हिशेब मांडता येतो, नाटकाच्या लाखावर येत नाही.

कायद्यानं मार खाणाऱ्या बाईला नवऱ्याकडून खर्च मिळतो, वकीलही फुकट मिळतो असं ऐकलं. मग निधी नेमका कशासाठी? (कासारवडवली)

ऐकलंत ते खरं आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा 2005 चा, अंमलात आला 26 ऑक्टोबर 2006 पासून. त्यात कलम 12 खाली अर्ज केला की पहिली तारीख साधारण 3 दिवसांत लागावी आणि 60 दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असं लिहिलंय. राहत्या घरातला हक्क, खर्च, मुलांचा ताबा, स्त्रीधन परत मिळणं, सगळं त्यात आहे. वकिलाचंही तसंच: 1987 च्या विधी सेवा कायद्यानं कुठल्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. 15100 वर फोन करायचा. त्यामुळे निधीतला पैसा वकिलाच्या फीवर घालवू नका, हे मी प्रत्येक नव्या गटाला सांगते.

पण नोटीस ‘घर बंद’ असा शेरा घेऊन परत येते. समोरचा वकील तारीख मागतो. आदेश झाला तरी पैसे येत नाहीत, मग वसुलीचा वेगळा अर्ज. या मधल्या दिवसांत ती आणि मुलं जेवणार काय?

एका रात्री साडेअकराला घोडबंदर रोडवरून एक बाई मुलाला घेऊन आमच्याकडे आली. खांद्याला मुलाचं शाळेचं दप्तर. उघडलं तर एकही पुस्तक नाही. रेशनकार्ड, जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, पासबुक, लग्नातला एक फोटो आणि डब्यात अर्धी पोळी. खाली रिक्षावाला मीटर चालू ठेवून उभा होता आणि तिच्या मुठीत 40 रुपये होते. त्या रात्रीचा आमचा पहिला खर्च म्हणजे ते रिक्षाभाडं. मग एक्स-रे, झेरॉक्स, साधा फोन, नवं सिम. सखी केंद्रात, म्हणजे अशा बायकांसाठीच्या सरकारी मदत केंद्रात, 5 दिवसांपर्यंत राहता येतं. त्यानंतर खोली, आणि खोली म्हटली की दिवा स्टेशनजवळच्या स्वस्त वस्तीतसुद्धा डिपॉझिट. आमच्या वहीत सर्वांत मोठे आकडे डिपॉझिटचेच आहेत. ते आम्ही बिनव्याजी उसने देतो. बरेचसे परत येतात. जे येत नाहीत त्यांच्यामागे आम्ही लागत नाही.

यात माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. सुरुवातीला एकीला मी सरळ तिच्या खात्यात पैसे टाकले. खात्याला मोबाइल नंबर नवऱ्याचा जोडलेला होता. मेसेज त्याला गेला, कोणाकडून किती आले सकट. ती तोवर घरातच होती, निघायची तयारी करत होती. तेव्हापासून आम्ही थेट घरमालकाला, केमिस्टला, शाळेला पैसे देतो, नाहीतर हातात रोख देऊन वहीवर सही घेतो.

आमच्या खजिनदारबाईंच्या गुगल पे वर वर्गणी घेतली तर चालेल ना? हिशेब चोख ठेवू. (ऐरोली)

नको. त्या कितीही सचोटीच्या असोत, वर्षअखेरीला पैसा त्यांचा दिसतो आणि बोलणारे बोलतात. संस्था नोंदलेली नसेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 च्या कलम 41 क खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्या. गणेशोत्सव मंडळं वर्गणीसाठी घेतात तीच ही. दोन सह्यांचं खातं उघडा, प्रत्येक शंभराची पावती फाडा. करसवलत हवी असलेल्या देणगीदाराला ‘80 जी’ म्हणून ओळखली जाणारी आयकर नोंदणी असलेल्या संस्थेकडे पाठवा, आणि 2,000 रुपयांच्या वरची रोख देणगी सवलतीत धरत नाहीत हे त्याला आधीच सांगा. नंतर सांगितलं की राग तुमच्यावर निघतो.

एक भानगड मात्र इथे नेहमी होते. ऑडिटसाठी खर्चाची पावती हवी आणि पावतीवर बाईचं नाव नको. आम्ही प्रत्येकीला क्रमांक देतो. नाव-क्रमांकाची यादी एकाच कुलपात असते आणि ती कमिटीच्या बैठकीत फिरत नाही.

माझा भाऊ न्यू जर्सीला असतो. त्याला आणि त्याच्या ऑफिसातल्यांना देणगी द्यायची आहे. (नेरुळ)

भावाकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि पैसा त्याच्या स्वतःच्या बचतीतला, बँकेमार्फत येणार असेल तर घ्या, पासपोर्टची प्रत फाइलला लावा. तो अमेरिकन नागरिक झाला असेल तर ती परदेशी देणगी. त्याला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते आणि ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावी लागते. ऑफिसातल्यांचे पैसे आपल्या नावावर जमवून पाठवण्याची त्याची कल्पना असेल तर त्याला आजच फोन करून थांबवा.

25 नोव्हेंबरच्या, म्हणजे स्त्रियांवरील हिंसाचारविरोधी दिनाच्या, कार्यक्रमात अशा एखाद्या बाईला स्वतःची कहाणी सांगायला बोलवावं म्हणतो. लोकांच्या मनाला भिडेल, देणगीही वाढेल. (नौपाडा)

वाढेल, नाही कशाला म्हणू? तरी बोलावू नका. तुमच्या निधीतून जिच्या खोलीचं डिपॉझिट भरलंय ती ‘नको’ कशी म्हणेल? समोर शंभर मोबाइल, रात्रीपर्यंत व्हिडिओ तिच्या सासरच्या गावात. न्यायालयालासुद्धा या प्रकरणाची सुनावणी बंद दाराआड घेता येते. आणि आपण तिला माइक देऊन मंचावर उभी करायची? जी वर्षांपूर्वी यातून बाहेर पडली आहे आणि आपणहून बोलायला तयार आहे, तिचं ऐका. त्यातही शेवटच्या दिवशी तिनं फोन करून नाही म्हटलं तर कारण विचारू नका. पाहुण्या म्हणून संरक्षण अधिकाऱ्यांना, म्हणजे या कायद्याखाली बायकांच्या मदतीला नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्यांना, बोलवा. त्यांच्या टेबलावरच्या फायलींबद्दल त्या बोलल्या तरी सभागृह गप्प होतं.

वरच्या मजल्यावरून रात्री मारल्याचे, रडण्याचे आवाज येतात. आमचे हे म्हणतात, दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नये. (कळवा)

आवाज चालू असेल तर 112 वर पोलिसांना फोन. आणि तेव्हाच दाराची बेल वाजवून साखर मागा. 2008 मध्ये ‘बेल बजाओ’ नावाची मोहीम निघाली होती, तिचं सूत्रच हे: आत काय चाललंय ते बाहेर ऐकू येतंय, एवढं त्याला कळू द्या. पण एकट्या जाऊ नका. दुसऱ्या दिवशी ती एकटी असताना 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर तिला तोंडी सांगा, चिठ्ठी देऊ नका. यजमानांना सांगा, कायद्याच्या कलम 4 प्रमाणे कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं, आणि चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. तिच्याशी बोलल्याशिवाय तिच्या माहेरी मात्र फोन करू नका. कधीकधी माहेरच तिला परत पाठवत असतं.

आम्ही दरवर्षी आयुक्तांना निवेदन देतो, फोटो निघतो, पुढे काही होत नाही. (घणसोली)

निवेदनात ‘महिलांवरील अत्याचार थांबवा’ असं लिहिलं असेल तर साहेबांनाही ते मान्यच असतं. प्रश्न मोजता येतील असे विचारा. माहितीच्या अधिकारात 10 रुपयांचा अर्ज, उत्तराला 30 दिवस. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाला विचारा: संरक्षण अधिकाऱ्यांची पदं किती, भरलेली किती, त्यांच्याकडे दुसरी कामं कोणती, वर्षात घरगुती घटनेचे अहवाल किती केले, शक्ती सदनात, म्हणजे सरकारी योजनेतल्या आश्रयगृहात, जागा किती. महापालिकेला विचारा: महिला व बालकल्याणाखाली तरतूद किती, खर्च किती. ते उत्तर हातात धरून मग साहेबांना भेटा, आणि फोटो नंतर काढा.

संस्थांनी स्वतःच्या हिमतीवर सुरू केलेलं काम पुढे सरकारच्या गळ्यात घालता येतं. टाटा समाजविज्ञान संस्थेनं 1984 साली मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष काढला, समाजकार्यकर्त्या तिथे बसू लागल्या. पुढे राज्य सरकारनं तो उचलला. तुमच्या मागणीत अशी एक तरी जागा, एक टेबल, एक माणूस असू द्या.

खोट्या तक्रारींचं काय? (ठाणे पश्चिम, एक गृहस्थ)

खोटी तक्रार न्यायालयात तपासली जाते, त्यासाठी पुरावा लागतो आणि तिथे तुमचा वकील असतो. रात्री साडेअकराला दारात आलेल्या बाईकडे मी पुरावा मागत नाही, एवढाच फरक.

मुलीचा पाचवा वाढदिवस आश्रयगृहातल्या मुलांसोबत साजरा करायचा आहे. जुन्या साड्याही पुष्कळ आहेत. पत्ता कळवाल का? (सीवूड्स)

पत्ता नाही कळवणार. तो आमच्या देणगीदारांनाही सांगत नाही. मुलीच्या नावानं केक जरूर पाठवा, आम्ही पोचवू. बिनअंड्याचा पाठवा, म्हणजे सगळ्यांना खाता येतो. साड्यांचं कपाट आमच्याकडे भरलेलं आहे, त्यातल्या निम्म्यांना फॉलसुद्धा उरलेला नाही. त्याऐवजी नवे अंतर्वस्त्रांचे जोड, सॅनिटरी पॅड आणि मुलांच्या चपला द्या. मापं पाच ते दहा.