‘परागंदा’ म्हणजे फरार नव्हे, आणि ‘परांगदा’ हे रूप तर चूकच

आपल्या घराण्याचा इतिहास लिहीत असलेल्या एका वाचकांनी विचारले आहे की, नगरकडील मूळ गावाच्या एका मोडी कागदात ‘सन खमस मयातैन व अलफ’ या सालाखाली ‘कुळे परागदा जाली’ अशी ओळ असून खालच्या यादीत त्यांच्या पूर्वजांचे नाव आहे. कर्ज बुडवून पळालेल्या माणसाला वृत्तपत्रे ‘परांगदा’ म्हणतात. तेव्हा आपले पूर्वजही काही गुन्हा करून पळाले होते काय, आणि पुस्तकात हा शब्द ठेवावा की ‘स्थलांतरित’ असे लिहावे?

गुन्ह्याचा संशय त्यांनी आजच मनातून काढून टाकावा. हा संशय त्यांच्या मनात आला याचा दोष त्यांचा नाही. बँकेचे पैसे बुडवून परदेशी गेलेला मनुष्य ‘परांगदा झाला’ असे वाक्य मी गेली कित्येक वर्षे वाचतो आहे आणि दर वेळी माझा संताप होतो. पोलीस ज्याच्या मागावर आहेत तो फरार होय. सरकारने ज्याला सीमेबाहेर घालवले तो हद्दपार किंवा तडीपार होय. परिस्थितीने ज्याची घडी मोडली, ज्याचे बिऱ्हाड दहा दिशांना पांगले, तो परागंदा होय. या तीन अवस्था वेगळ्या आहेत, त्यांना मराठीत वेगळे शब्द आहेत, आणि ते एकमेकांच्या जागी वापरल्याने दुष्काळात गाव सोडलेल्या कुणब्याच्या माथी चोराचा शिक्का बसतो.

शब्द फारसी आहे. ‘परागंदन’ किंवा ‘पराकंदन’ या क्रियापदाचा अर्थ विखुरणे, उधळणे असा असून ‘परागंदा’ हे त्याचे भूतकाळवाचक विशेषण, म्हणजे ‘विखुरलेला’. त्यात पळण्याचा अर्थ मुळात नाहीच. ज्याचे चित्त थाऱ्यावर नाही त्याला फारसीत ‘परागंदा-दिल’ म्हणतात. मला सर्वांत मोह पडतो तो मात्र आणखी एका उपयोगाचा: ‘तुख्म’, म्हणजे बी, उधळण्यासाठीही फारसी कवींनी हेच क्रियापद वापरले आहे. मुठीतून दाणे सोडणारा शेतकरी आणि मुठीतून निसटलेल्या दाण्यांसारखी पांगलेली शेतकऱ्याची कुळे यांना एकाच धातूने सांगणारा शब्द आपल्या दप्तरांत शेकडो वर्षे नांदला, ही गोष्ट मला प्रत्येक वेळी नव्याने आनंद देते. मराठीने तो जसाच्या तसा घेतला, त्यामुळे ‘रवाना’, ‘जमा’, ‘अदा’ यांप्रमाणे तो लिंगवचनाने बदलत नाही: तो परागंदा झाला, ती परागंदा झाली, कुळे परागंदा झाली. ‘परागंदे झाले’ असे कोणी लिहिल्यास ते खोडावे.

आता ‘परांगदा’ या रूपाविषयी. एका व्याख्यानात एका मान्यवर अभ्यासकांनी हेच रूप शुद्ध ठरवून ‘पर’ आणि ‘अंगण’ यांतून, म्हणजे दुसऱ्याच्या अंगणात गेलेला, अशी व्युत्पत्ती सांगितल्याचे मी स्वतः ऐकले आहे. कानाला गोड वाटणारी ही कल्पना आहे, पण तिला आधार कोणताही नाही. शेवटचा ‘दा’ कोठून आला याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. दुसरे एक स्नेही म्हणतात की, हा केवळ बोलण्यातला वर्णविपर्यय आहे, ‘मतलब’चे ‘मतबल’ आणि ‘नुकसान’चे ‘नुसकान’ होते तसा. हेही मला मान्य नाही. ‘नुसकान’ लोकांच्या तोंडी आहे आणि छापील मजकुरात ते क्वचित दिसते. ‘परांगदा’ची स्थिती नेमकी उलटी आहे. दुष्काळी गावात कोणी ‘परांगदा झालो’ म्हणत नाही. लोक ‘जगायला गेलो’ म्हणतात, ‘देशोधडीला लागलो’ म्हणतात. जो शब्द कागदावरच राहिला तो कागदावरच बिघडला असला पाहिजे, आणि माझे मत असे की, तो मोडीतून बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, येताना बिघडला. मोडी लिहिणारा कारकून लेखणी न उचलता ओळ ओढत नेतो आणि अनुस्वार पुष्कळदा गाळतो. प्रश्नकर्त्यांच्या कागदातही ‘परागदा’ असेच आहे. फारसी न जाणणाऱ्या नकलनविसाला एक अनुस्वार राहिला आहे एवढे जाणवते, तो ‘अंग’ हा ओळखीचा शब्द पाहतो आणि टिंब एक घर अलीकडे देतो. एकदा छापले गेले की, तेच पुढचे लोक उचलतात. एखाद्या कोशाने हे रूप नोंदले, तरी त्याने चुकीचा प्रसार सिद्ध होतो, शुद्धता नव्हे.

प्रश्नकर्त्यांचे साल या सर्वांपेक्षा बोलके आहे. खमस म्हणजे पाच, मयातैन म्हणजे दोनशे, अलफ म्हणजे हजार; मराठी दप्तरांत अरबी संख्याशब्दांनी लिहिली जाणारी जी कालगणना, त्या सुहूर सनाचे १२०५, म्हणजे १८०४च्या मृगापासून १८०५च्या मृगापर्यंतचे वर्ष. ऑक्टोबर १८०२मध्ये हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला, त्यानंतर होळकरांच्या आणि पेंढाऱ्यांच्या टोळ्यांनी देश लुटला, ऑगस्ट १८०३मध्ये इंग्रजांनी नगरचा किल्ला घेतला, आणि त्याच सुमारास पावसानेही दगा दिल्याने १८०३-०४चा भीषण दुष्काळ पडला. त्यानंतर लगेचच्या वर्षी गावची पाहणी करणारा कारकून ‘कुळे परागदा जाली’ असे लिहितो तेव्हा तो आरोप ठेवत नसतो. वसूल का येत नाही याचे कारण तो वरिष्ठांना कळवत असतो.

अशा कागदात आणखी दोन शब्द शोधावेत. ज्या घराण्यात कोणी उरले नाही त्याची जमीन ‘गतकूळ’ म्हणून लिहिली जाई. परागंदा कुळाचे तसे नव्हते. मिरासदार, म्हणजे जमिनीवर वंशपरंपरागत हक्क असलेला शेतकरी, गाव सोडून गेला तरी त्याचा मिरासी हक्क दीर्घकाळ टिके आणि परतल्यावर त्याला आपली जमीन मागता येई. म्हणून सरकार उजाड गावे पुन्हा वसवण्यासाठी कौल, म्हणजे सवलतीचे लेखी अभयवचन, देई, आणि इस्ताव्याच्या कौलात पहिल्या वर्षी थोडा, पुढे वर्षावर्षाने चढत जाणारा वसूल ठरवून दिलेला असे. कारकुनाने ‘गतकूळ’ न लिहिता ‘परागदा’ लिहिले, याचा अर्थ पूर्वज जिवंत असल्याची आणि परतण्याची शक्यता त्याने गृहीत धरली होती. पुढच्या सालच्या कागदांत कौलाची नोंद मिळते का, हे अवश्य पाहावे.

ते परतले नसतील तर त्यांचा माग जुन्या गावात लागणार नाही, तो नव्या गावात लागेल, आणि तेथे शब्द बदललेला असेल. जो मनुष्य सोडलेल्या गावाच्या दप्तरात परागंदा मिरासदार असतो तोच पोहोचलेल्या गावाच्या दप्तरात ‘उपरी’, म्हणजे वंशपरंपरागत हक्क नसलेला, बाहेरून आलेला कसणारा म्हणून सापडतो. आडनावही याच टप्प्यावर बदललेले असू शकते. मूळ गावाच्या नावापुढे ‘कर’ लागते ते बहुधा गाव सुटल्यावरच, कारण गावातच राहणाऱ्या सगळ्यांना गावाच्या नावाने ओळखण्याचे कारण नसते. हे दोन कागद जोडणारा दुवा बहुतेक वेळा सरकारी दप्तरात नसतो. तो नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत, किंवा कोल्हापूर-सांगलीकडे घर असल्यास हेळव्यांनी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांभाळणाऱ्या लोकांनी, जपलेल्या वंशावळीत मिळतो. जन्म-मृत्यूची नोंद असलेले कोतवाल बुक उपयोगी पडते, पण ते बरेच पुढच्या काळाचे असते.

राहिला प्रश्न पुस्तकात काय लिहावे याचा. ‘स्थलांतरित’ लिहू नये. त्या शब्दात माणसाने जागा बदलली एवढेच येते. ती कोणत्या कारणाने बदलावी लागली हे त्यातून सांडून जाते. मजकुरात ‘परागंदा’ असे लिहावे, अर्थ एका ओळीत द्यावा, आणि मूळ कागदाचे लिप्यंतर देताना मात्र कारकुनाने लिहिले तसेच ‘परागदा’ ठेवून गाळलेला अनुस्वार कंसात ‘ग’वर दाखवावा.